आप्पा, तुमची साक्ष राहिली

आप्पा, दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींनी नदीवर पान ठेवलं, तुमचा संतोषदादा मागे सरला आणि कावळा आलाच. "सुटला माणूस," कोणीतरी म्हणालं. "काय इच्छा राहिली नाय." सगळ्यांनी हात जोडले. दादाचा चेहरा मोकळा झालेला मला लांबून दिसला. बायकांनी तिथे जायचं नसतं, पण मी गेले होते. बांधावर उभी होते.

मला त्या कावळ्याचा राग आला. तुमची इच्छा राहिली होती. पुढच्या आठवड्यात तुम्ही ठाण्याच्या कोर्टात उभं राहून एक गोष्ट सांगणार होतात. मला तसा शब्द दिला होतात. आणि सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसलात, चहा सांगितलात, आणि चहा यायच्या आत गेलात. हे असं जाणं मी मान्य करत नाही.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याविषयी बोलत नाहीये. तुमच्याशी बोलतेय. तुम्ही हयात असतानाही मी असंच बोलायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "आवाज खाली गो पुढारीन, शेजारी कान हायेत."

एका विज्ञान संस्थेच्या खरेदी आणि कंत्राट विभागात तुम्ही अख्खी नोकरी काढलीत. आसनगावला गाडी धरून मुंबईला जायचं, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना लागेल ते विकत घेऊन द्यायचं. काचेच्या नळ्या, वारा मोजायची यंत्रं, पिंपातून येणारा कसला कसला वायू, आवाराची झाडलोट, पहारेकरी, रंगकाम. तुम्ही म्हणायचात, "यंत्रातलं मला काय कळत नाय. ते वेळेवर आलं का नाय, एवढंच मला कळतं." लहानपणी मला ते वाक्य फार भारी वाटायचं.

हापिस तुमच्या अंगात मुरलं होतं. निविदेत एका कंपनीचं नाव टाकता येत नाही, "किंवा समतुल्य" असं लिहावं लागतं, म्हणून काकीने एक हळद सांगितली की तुम्ही दुसरीच आणायचात आणि पिशवी खाली ठेवताना म्हणायचात, "समतुल्य." काकी एकदा म्हणाली, "तुमच्या हापिसात नवरा पन समतुल्य मिळतो का, बगा जरा." तुम्ही हसत हसत न्हाणीत गेलात. दादाच्या लग्नात मांडववाल्यांकडून बंद पाकिटात दर मागवलेत आणि सगळ्यांच्या देखत ओट्यावर पाकिटं फोडलीत. सगळ्यात कमी दर ज्याचा, तो एल-वन. काम त्याला. हळदीच्या दिवशी एल-वनचा मांडव एका अंगाला कलला, आणि त्यानंतर घरात काहीही वाकडं दिसलं की काकी म्हणायची, "एल-वन हाय वाटतं."

तुम्ही कोणाचा चहा घेतला नाहीत. दिवाळीला आलेले डबे तुम्ही परत पाठवायचात, आम्ही पोरं दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत असायचो. हे सगळं मी शोकसभेत ऐकलं. प्रामाणिक, काटेकोर, निष्कलंक. खरं आहे ते. माझी तक्रार लाचखोर अधिकाऱ्याबद्दल असती तर सोपं होतं, तसली पत्रकं मी झोपेतही लिहिते. माझी तक्रार तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आहे, आणि तिच्यासाठी माझ्याकडे तयार घोषणा नाही.

नुसत्या घोषणा लिहायच्या नाहीत, हेही तुम्हीच शिकवलंत. मी कष्टकऱ्यांच्या संघटनेत गेले तेव्हा माझं पहिलं पत्रक तुम्ही हातात घेतलंत. "संबंधितांवर तात्काळ कारवाई झालीच पाहिजे!" असं मोठ्या अक्षरात होतं. तुम्ही विचारलंत, "संबंधित म्हणजे कोण? नाव टाक. तात्काळ म्हणजे कधी? तारीख टाक. आणि कारवाई म्हणजे काय पाहिजे तुला, ते तरी तुला ठावं हाय का?" मी चिडले. पण पत्रक बदललं. पुढे डोळखांबच्या पाड्यांवर रोजगार हमीचं काम बंद पडलं, तेव्हा तुम्ही बसून लिहिलेल्या अर्जावर उत्तर आलं. आमच्या अर्जाला आलेलं ते पहिलं उत्तर. घरात सगळे मला वाया गेलेली पोरगी म्हणत होते, तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, "वाया नाय गेली. कच्चा मसुदा हाय, सुधारंल." हे मी विसरलेले नाही. म्हणून तर तुमच्यावर इतका राग धरता येतो.

आता मनोऱ्याचं बोलू.

वैशाखऱ्याच्या वरच्या माळावर तुमच्या संस्थेचा एक लोखंडी मनोरा आहे. त्याला रंग द्यायचा आणि वर विजेची सळई बसवायची, असं ते काम होतं. एल-वन ठेकेदाराने डोळखांबकडच्या ठाकूर आदिवासींच्या पाड्यावरची माणसं नेली. पाऊस सरत आला होता. खाली खोल्यांमध्ये परदेशातून आलेली, त्याच मनोऱ्यावर बसवायची यंत्रं खोक्यांत पडून होती, आणि त्यांची हमीची मुदत खोकी उतरल्या दिवसापासून चालू झाली होती. बसवून देणारा परदेशी माणूस ठरल्या तारखेला येणार होता. कंत्राटाची मुदत संपत आली आणि ठेकेदाराने एक दिवस मागितला. कारण दिलं, उद्या सर्वपित्री अमावास्या आहे, माणसं वर चढत नाहीत.

तुम्ही नाही म्हणालात. उशीर झाला की दंड, असं कलम होतं, आणि ते कलम तुम्ही आयुष्यात कोणाला माफ केलं नव्हतंत. त्यावरचं तुमचं वाक्य घरात प्रसिद्ध होतं. "ही विज्ञान संस्था हाय, इथे अमावास्या कारण म्हणून चालत नाय." तुम्ही ते पाहुण्यांना सांगायचात आणि सगळे हसायचे. त्यापुढचं मात्र तुम्ही कोणाला कधी सांगितलं नव्हतंत.

त्या अमावास्येला चांगो मनोऱ्यावरून पडला. जनीचा नवरा. लहान दोन मुली होत्या. ठेकेदाराने त्याला उचलून कड्याखाली नेऊन टाकलं आणि सांगितलं, आज सर्वपित्री, काम बंद, हा आपला आपण मध काढायला गेला होता. आणि लोकांना ते पटलं. का नाही पटणार? सर्वपित्रीला आपल्या मुलखात कोण कामाला जातं? त्या दिवसाचा असा भक्कम पुरावा दुसरा कोणता? जनी सांगत राहिली, तो कामावर गेला होता. सोबतच्या माणसांना ठेकेदाराने पुन्हा काम देतो म्हणून गप्प केलं. मग पाड्यावर एक वेगळंच उगवलं. अमावास्येला कड्यावर गेला म्हणजे बायकोनेच धाडलं असणार, मधाच्या हव्यासापायी. पितर कोपले. तेव्हापासून जनीला हळदीला बोलावत नाहीत. नवं भात शिजलं की तिच्या हातचं कोणी घेत नाही. तिच्या मोठ्या मुलीला शाळेत पोरं विचारतात, "तुझ्या आयसनं बापाला मारला ना?"

जनी आमच्या संघटनेकडे आली तेव्हा मी तिला विचारलं, तुला काय पाहिजे? नुकसानभरपाई, नोकरी, काय? ती म्हणाली, "मना लिवून पाहिजे का तो कामावर व्हता." ठेकेदारावर आणि तुमच्या संस्थेवर दावा दाखल झाला. ठेकेदाराचं उत्तर आलं. कंत्राटातलं मला समजेना, म्हणून ते घेऊन मी तुमच्याकडे आले.

तुम्ही आणि काकी ओट्यावर बसून वाल सोलत होतात. मी वाचत गेले. "सदर दिवशी सर्वपित्री अमावास्या असल्याने काम पूर्णतः बंद होते." तुमचा हात थांबला. एक सोललेला दाणा बोटांत तसाच राहिला. काकी उठून आत गेली. मला वाटलं चहाला गेली असेल. तुम्ही म्हणालात, "बंद नव्हतं. मी घरातून ठेकेदाराला फोन केला होता सकाळी. म्हटलं, आज माणसं चढव, नायतर दंड लावीन. दुपारी त्याचा फोन आला, चढलेत साहेब."

मी काय काय बोलले त्यानंतर, ते इथे लिहीत नाही. काकीने आतून भांडं आपटलं एवढं आठवतं.

"इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"मला कोणी विचारलं नाय."

"तुम्ही आयुष्यभर लोकांना पत्रं पाठवून विचारत होतात ना, उशीर का झाला म्हणून? स्वतःला एकदा विचारायचं."

"कंत्राटात सेफ्टी बेल्ट लिहिलेला होता. मी स्वतः लिहिला होता."

"एल-वनने आणला?"

तुम्ही पुढचा वाल सोलायला घेतलात.

"आणि दंड? दंड लावलात?"

"मुदत उलटली होती," तुम्ही म्हणालात. म्हणजे माणूस मेला, आणि मरण्यात जे दिवस गेले त्याचा दंडही तुम्ही वसूल केलात. तुम्ही तो स्वतःच्या खिशात घातला नाहीत. सरकारी तिजोरीत भरलात. हेच मला सहन होत नव्हतं.

आपण बरेच दिवस भांडलो. मी येत राहिले, तुम्ही दार उघडत राहिलात. शेवटी एकदा तुम्ही म्हणालात, "पोरी, वारा होता हे मला कोणी सांगितलं असतं तर मी दिवस दिला असता. देवाची शप्पथ दिला असता. मला अमावास्या सांगितली."

मी तशीच डोळखांबला गेले आणि जनीला विचारलं. ती भाताच्या पेंढ्या रचत होती. थांबलीही नाही. "वाराच व्हता ना बाय. आदल्या दिसापासून सुटलेला. वर पाय ठरत नव्हता, लोखंडाला बुळबुळ धरलेली. मुकादम बोलला, वाऱ्याचं सांगितलं तर सायेब बोलतील कामचुकार. अमावाशेचं सांगू. देवाधर्माचं तरी मानतील."

आप्पा, मी त्या पेंढ्यांवर बसून राहिले. मरणाची भीती सांगितली तर साहेब ऐकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पितरांचं नाव पुढे केलं. आणि तुम्ही, विज्ञान संस्थेतले, पितरांना हसलात. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत गावोगाव हिंडलेय, पुढेही वाटीन. पण खरं बोलायची सोय नसलेला माणूस काय करतो, हे एकाही पत्रकात नव्हतं.

हे तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही उठलात. गोठ्याकडे गेलात, रिकाम्या गोठ्यात उगाच उभे राहिलात. गुरं विकून किती वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी फोन केलात. "कोर्टात येतो. काय सांगायचं ते माझं मी सांगीन, तू मला शिकवायचं नाय."

बस, एवढंच झालं. मग तुम्ही गेलात.

आमचे वकील म्हणाले, तुम्ही मला सांगितलेलं मी कोर्टात सांगून उपयोग नाही. तो ऐकीव पुरावा. म्हणजे तुमचं सत्य माझ्या कानात आहे आणि तिथेच सडणार. "फोन केला तेव्हा घरात कोण होतं?" त्यांनी विचारलं. सर्वपित्रीच्या सकाळी घरात कोण असणार? काकी होती.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर मी काकीजवळ विषय काढला. चुकीची वेळ होती, ठाऊक आहे. कोर्टाकडून तारीख पुढे मागून घेतली होती, तीही जवळ आली होती. काकी म्हणाली, "माझ्या माणसाचं सुतक आता कुठं फिटलं. तुला मोर्चाचं पडलंय." दादा उठून उभाच राहिला. "बापाने इज्जतीशिवाय काय ठेवलं नाय आमाला. ती तू कोर्टात नेऊन विकणार? चालती हो." मी चालती झाले. हमरस्त्यापर्यंत पायी आले आणि तिथे बसथांब्यावर तुमच्यासाठी पहिल्यांदा रडले. तोवर जमलं नव्हतं.

पुढचं मी घडवलेलं नाही. कोणी म्हणेल मीच जनीला पाठवलं. नाही. ती आपली आपण आली. आपल्याकडे दुखवट्याला जाताना तांदूळ नेतात, तसे फडक्यात बांधून तांदूळ आणले होते तिने. तिच्या हातचे तांदूळ तिच्या पाड्यावर कोणी घेत नाही. दादाने हाकललं होतं तरी तुमचे कपडे कुठे द्यायचे ते विचारायला मी पुन्हा आले होते, म्हणून मला हे बघायला मिळालं. दादा दारात आडवा आला नाही एवढंच.

"कोन गो तू?" काकीने विचारलं.

"चांगोची."

काकीने पाट सरकवला. जनी त्यावर बसली नाही, भुईवरच बसली. "मना कायी बोलायचं नाय. भेटाया आले. तुमचा मानूस गेला आयकलं."

मग काकीने विचारलं, आणि आप्पा, असा प्रश्न मला शंभर बैठकांमध्ये सुचला नसता. "त्या दिशी जेवून गेलेला का तो?"

"नाय. पितरांचं पान मांडलेलं, मुकादम हाक माराया आला. सायबाचा फोन आला बोलला. आल्यावर जेवतो बोलला."

काकी उठली. फडकं सोडून तांदूळ स्वतःच्या सुपात ओतून घेतले आणि फडकं परत देताना, रीत आहे म्हणून, त्यात गूळ बांधला. जनी गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते जेवले होते. फोन ठेवला नि जेवले. खीर परत मागून घेतली." आणि मग, "तारीख कदी हाय?"

दादा म्हणाला, "आई, तू गेलीस तर मी या घरात पाय ठेवणार नाय." काकी म्हणाली, "तुजं घर तू बग." तो दुसऱ्या दिवशी बायको-पोरांना घेऊन कल्याणला निघून गेला. अजून आलेला नाही. वर्षश्राद्धाला तरी येईल की नाही, सांगता येत नाही. हेही तुम्हाला कळायला हवं.

काकी कोर्टात पांढरं नेसून नाही आली. तुम्ही पसंत केलेलं हिरव्या काठाचं नेसली. संस्थेच्या बाजूने आलेल्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजी, इतक्या वर्षांपूर्वीचा तोच दिवस तुम्हाला कसा लक्षात?"

"सर्वपित्री होती. पान वाढलेलं, नि हे फोनवर."

"काय बोलत होते?"

"आज माणसं चढव बोलले. नायतर दंड लावीन."

"म्हणजे त्या मृत्यूला तुमचे यजमान जबाबदार होते, असं तुमचं म्हणणं?"

वकिलाला वाटलं, बाई आता फिरेल. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. काकीने कठड्याला धरलं. "हां," ती म्हणाली. "ते स्वताच सांगाया येनार होते. नाय आले म्हणून मी आले."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगितलं, त्याने उतरवलं, काकीने सही केली. ठेकेदाराचं अजून ऐकायचं आहे, संस्थेचं ऐकायचं आहे, पुढची तारीख पडली आहे. निकाल काय लागेल मला ठाऊक नाही, आणि आशा दाखवायची मला सवय नाही.

आप्पा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही मला घडवलंत, हेही खरं. ही दोन वाक्यं एकत्र कशी लिहायची, हे विचारायला आता माझ्याकडे माणूस नाही.

कोर्टाबाहेर काकी बाकावर बसली होती, डोळे मिटून. जनी माझ्याजवळ आली. "लिवला का तेंनी?"

"लिहिलं."

"काय लिवला?"

"की त्या दिवशी काम चालू होतं. की साहेबाने घरातून फोन करून माणसं चढवायला सांगितली."

तिने मान हलवली. मग माझा दंड धरला आणि मला घेऊन काकीकडे वळली. "माज्या थोरल्या पोरीला हे सांगाया येशील का, बाय? माजं ती आयकत नाय."

काकीने डोळे उघडले. "चल," म्हणाली. "आजच जाऊ."